बटण बंद कोण करतं?

तिसऱ्यांदा ते बटण बंद दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायनोच्या शेडमध्ये मी एकटीच होते. ट्रॅक्टर, बर्फ ढकलायचं यंत्र, उलटी करून ठेवलेली होडी आणि मधोमध आमचा ट्रेलर, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. मी मोठ्यांदा एक शिवी हासडली. आमच्या आईनं ऐकली असती तर या वयातही माझं तोंड साबणानं धुतलं असतं.

बटण म्हणजे काय, तर ट्रेलरच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला, खाली पायाशी, एक लाल बटण आहे. ते बंद केलं की बॅटऱ्यांचा बाकीच्या ट्रेलरशी संबंध तुटतो. मी शेडमधून लांब केबल ओढून ट्रेलरला वीज दिली होती, ती आतला चार्जर हिवाळाभर बॅटऱ्या भरत राहावा म्हणून. पण बटणच बंद असेल तर तो भरणार कुणाला? वर फसवणूक अशी, की केबलच्या विजेवर आतले दिवे झकास लागतात. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. कसलं डोंबलाचं ठीक! या ट्रेलरमध्ये गॅस गळला तर बोंबलणारा एक भोंगा बसवलाय, तो मेला थेट बॅटरीला जोडलेला. त्याला बटणाशी काही देणंघेणं नाही. रात्रंदिवस बॅटरी पीत बसतो. म्हणजे बटण बंद असलं की भरणं बंद आणि पिणं चालू. आणि आमच्या इथल्या थंडीत रिकामी बॅटरी गोठते, गोठली की फुटते. भरलेली असेल तर तिला काही होत नाही. एवढं साधं आहे हे. तरी कोणीतरी दर आठवड्याला येऊन ते बटण बंद करत होतं.

माझा संशय वायनोवर होता. वायनो माझा दीर, अर्विडचा धाकटा भाऊ. शेड त्याची, घर त्याचं, आणि मी करते त्या प्रत्येक गोष्टीवर बोलायचा हक्कही त्याचाच, असं त्याला वाटतं.

आता या बॅटऱ्यांपायी मी एवढी का पेटले होते ते सांगते. अर्विडनं आयुष्यभर काउंटीची बर्फगाडी चालवली. आम्ही झोपेत असायचो तेव्हा हा सुपीरियर सरोवरावरून येणाऱ्या वादळांत रस्ते मोकळे करत फिरायचा. निवृत्त झाला त्या दिवशी म्हणाला, "हेल्मी, यापुढे बर्फ मी फक्त बातम्यांत बघणार." तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही ट्रेलर जोडून टेक्ससच्या किनाऱ्यावर जायचो. तो मासे धरायचा, मी ते परत पाण्यात सोडायला लावायचे, त्यावरून आमचं भांडण व्हायचं. मजा यायची.

मग त्याच्या डोक्याचं सुरू झालं. आधी चाव्या, मग नातवंडांची नावं. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यानं मार्लिसला, आपल्या सख्ख्या मुलीला, "तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि दुसऱ्याच दिवशी होटनला अशा माणसांना सांभाळतात त्या घरात त्याचं नाव घालून आली. वसंतात जागा होईल म्हणाले. मी खूप आदळआपट केली. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं, की त्याआधी एकदा मी त्याला टेक्ससला नेणार. एकदाच. त्याला तो समुद्र अजून ओळखता येतोय तोवर.

मार्लिसनं अट घातली. "आई, ट्रेलरची एक जरी गोष्ट बिघडलेली निघाली तर जायचं नाही. रस्त्यात तू एकटी, बाबा असे, आणि वर बंद पडलेला ट्रेलर? मला झोप लागणार नाही."

"ट्रेलरला काही होणार नाही," मी म्हटलं होतं. "मी जातीनं बघेन."

म्हणून दर बुधवारी, अर्विडजवळ शेजारीण बसवून, मी मीटर घेऊन शेडमध्ये जायचे. आणि दर बुधवारी बटण बंद.

त्या दिवशी मी तडक वायनोच्या स्वयंपाकघरात गेले. तो कॉफीत वेलदोड्याचा गोड पाव बुडवून खात बसला होता.

"वायनो, तू माझ्या ट्रेलरला हात लावतोस?"

"हात? मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. हिवाळाभर माझी अर्धी शेड अडवून बसलाय तो."

"मग बटण काय भूत बंद करतं?"

"भूतच असेल. तुला भिऊन तू नसताना येत असेल बिचारं."

"दात काढू नकोस. तुला आम्ही जायला नकोय, मला माहितीये."

"नकोच आहे," तो म्हणाला. पाव खाली ठेवला त्यानं. "कुणालाच नकोय. एवढा लांबचा रस्ता, शेजारी असा माणूस. पेट्रोल भरायला उतरलीस आणि तो चालायला लागला तर? पण मी तुझ्या बटणाला हात लावलेला नाही, हेल्मी. आईची शपथ."

मेलेल्या सासूची शपथ घेतली म्हणून मी गप्प बसले. पण विश्वास नाही ठेवला. आमच्याकडे ट्रेलर हिवाळ्याला ठेवताना सगळे एकच करतात: पाणी काढा, गॅस बंद करा, बॅटरीचं बटण बंद करा. हे इथल्या माणसांच्या हाडात भिनलंय. जुन्या ट्रेलरला ते बरोबरही होतं, तेव्हा केबल नव्हती आणि भोंगाही नव्हता. मला वाटलं, हा म्हातारा सवयीनं बंद करतोय आणि आता कबूल करायची लाज वाटतेय. किंवा मुद्दाम करतोय. दुसरंच जास्त खरं वाटलं.

दाराला कुलूप लाव, असं कोणी म्हणेल. आमच्या गावात कुणी कुलूप लावत नाही. दिराच्या शेडमध्ये आपल्या ट्रेलरला कुलूप लावायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. मी त्याला गाढव म्हणेन, खोटारडा म्हणेन, चोर नाही म्हणणार. म्हणून मी बटण चालू करून त्यावर चिकटपट्टी लावली. रुंद, चंदेरी, आडवी आणि उभी. वर मार्करनं लिहिलं: हात लावाल तर याद राखा.

पुढच्या बुधवारी गेले. चिकटपट्टी सोलून, नीट घडी करून ओट्यावर ठेवलेली होती. बटण बंद होतं.

आणि बॅटऱ्या! त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता, सरोवर काठापासून आतपर्यंत पांढरं झालं होतं. मी ट्रेलरच्या पुढचं झाकण उघडलं तर दोन्ही बॅटऱ्यांची पोटं फुगलेली आणि एकीच्या कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत चीर. मीटर लावायची गरजच नव्हती. मी तिथेच बर्फाळ जमिनीवर बसले. मार्लिसचा आवाज कानात ऐकू यायला लागला: एक जरी गोष्ट बिघडली तर.

मी वायनोसाठी पेस्टी आणली होती, मांस-बटाटा भरलेली, सकाळीच भाजलेली. त्याच्यावर संशय असला तरी तो एकटा राहतो, शिजवत नाही धड. मी ती त्याच्यापुढे आदळली.

"खा! घशात अडकू दे तुझ्या!"

"आता काय झालं?"

"फुटल्या बॅटऱ्या. झालं समाधान? आता मार्लिसला फोन कर आणि सांग, तुझी आई कुठे जात नाही. तूच सांग, तुलाच आनंद होईल! माझ्या नवऱ्याला शेवटचा एकदा समुद्र बघायचाय, तेवढं तुला बघवलं नाही. सख्खा भाऊ आहेस ना त्याचा? लहानपणी तू तळ्यात बर्फाखाली गेलास तेव्हा यानंच ओढून काढलं ना तुला? तेव्हा सोडून द्यायला हवं होतं!"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पण बोलले. वायनोचा चेहरा लाल झाला. त्यानं पेस्टीला काटा लावला होता तो बाजूला ठेवला.

"मी हात लावला नाही," तो हळू म्हणाला. "पण कोण लावतो ते मला माहितीये."

मला त्याच क्षणी कळलं. शनिवारी वायनो ट्रकमधून येतो आणि अर्विडला आपल्याकडे सौनाला, वाफेच्या अंघोळीला, घेऊन जातो. दर शनिवारी, आमच्या लग्नाआधीपासून. सौना आटपेपर्यंत दोघं त्याच्या घरी-अंगणात असतात आणि मी तेवढ्या वेळात बाजार करून घेते. मला कळलं, आणि कळायला नको होतं म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडले.

"तुला माहीत होतं? आणि तू मला महिनाभर बोलू दिलंस?"

"तुझं बोलणं मी लग्नाच्या दिवसापासून ऐकतोय. त्यानं काय होतंय मला."

"मग बटण परत चालू का केलं नाहीस, नालायका? त्याची पाठ वळली की एक बोट लावायचं होतं फक्त!"

"नाही केलं."

"का?"

"एक तर तुम्ही गेला नाहीत तर बरं, असंच मला वाटत होतं. ते मी कबूल करतो. हवं तर मार मला." तो खिडकीतून शेडकडे बघत होता. "दुसरं मला नीट सांगता येणार नाही. शनिवारी ये. गाडी कोठाराच्या मागे लाव, ट्रेलरमध्ये जाऊन बस. स्वतःच बघ. आणि हेल्मी, तो आत आला की ओरडू नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

"तुझ्यासाठी मी काही करणार नाही," मी म्हटलं आणि दार आपटून निघाले.

शनिवारी मी गेले. सोबत नव्या बॅटऱ्या घेऊन. हार मानायची नाही असं ठरवलं होतं मी; मार्लिसला कळायच्या आत नव्या बसवायच्या, अर्विडला एकदा नीट समजवायचं, विषय संपला. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे वजन वायनोनंच उचललं. अर्विडला घरून आणायच्या आधी त्यानं मुकाट्यानं दोन्ही बसवून दिल्या. आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नाही. मी तारा जोडल्या, बटण चालू केलं आणि कोट, टोपी, हातमोजे सगळं घालून ट्रेलरच्या बाकावर बसून राहिले. थंडीनं दात वाजत होते. मनात भाषण तयार करत होते.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. अर्विड आला. सौनातून नुकताच बाहेर पडलेला, चेहरा टोमॅटोसारखा, केस ओले, गळ्यात टॉवेल. दारात त्यानं बूट आपटून बर्फ झाडलं, माझ्या लादीवर येऊ नये म्हणून. हे त्याला मी शिकवलेलं. मग सराईत माणसासारखा खाली वाकला आणि बटण बंद केलं. चाचपडला नाही, शोधलं नाही. घरी त्याला संडासाचं दार सापडत नाही हल्ली.

उठताना त्याला मी दिसले.

"अगं, तू अजून इथेच? जा की आत. वायनोनं कॉफी ठेवलीये."

त्यानं मला ओळखलं होतं. त्या आठवड्यात तो मला दोनदा "बाई" म्हणाला होता. माझं भाषण तिथेच अडलं.

"अर्विड," मी म्हटलं, "काय केलंस ते आत्ता?"

"बंद केलं. मग काय चालू ठेवून जाऊ? कोणीतरी टवळं सारखं चालू करून ठेवतंय. वायनोच असणार. त्याला अक्कल कधी होती?"

"बटण चालू ठेवायचं असतं रे. बॅटऱ्या भरायला हव्यात. आपल्याला जायचंय ना."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? टेक्ससला. समुद्रावर."

तो हसला. कौतुकानं हसला, मी काहीतरी वेडपट बोलले की पूर्वी हसायचा तसा. माझ्या शेजारी येऊन बसला, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"हेल्मी, आत्ता तर आलो आपण. अजून सामानही उतरवलं नाही. बाईला लगेच परत जायचंय!"

"आलो?" मी म्हटलं.

"दमलीस तू. मिसूरीत केवढा पाऊस लागला, बाप रे. मी थांबू म्हणत होतो, तू म्हणालीस चल. तुझंच बरोबर निघालं बघ, पुढे आभाळ मोकळं होतं." तो पाऊस खरा होता, पण खूप वर्षांपूर्वीचा. "आणि तो पेलिकन! बादलीतून माझा मासा उचलला हरामखोरानं. तू हसून हसून खुर्चीवरून पडलीस. शेवटच्या दिवशी पाणी किती शांत होतं, नाही? मी म्हटलं तुला, हे असंच डोळ्यांत घेऊन जाऊ या."

"म्हणालास खरं," मी म्हटलं. मला ते काही आठवत नव्हतं.

"या वेळची ट्रिप सगळ्यात छान झाली. एकदासुद्धा भांडली नाहीस."

"मी भांडले नाही?"

"देवाशपथ नाही. मासे ठेवू दिलेस मला. मी मनात म्हटलं, बायको शहाणी झाली म्हातारपणी." तो परत हसला आणि मग टॉवेलनं मान पुसत, अगदी सहज म्हणाला, "पण आता पुरे झालं गं. पुढच्या वर्षी नको. आता मला कुठे जायचं नाही. आपल्या घरीच राहू या. राहू या ना?"

माझा संताप संताप झाला. ज्या ट्रिपसाठी मी पोटच्या मुलीशी भांडले, दिराला नको ते बोलले, ती ट्रिप हा गृहस्थ दर शनिवारी एकटाच करून येत होता. मला न घेता. आणि तिथे त्याच्याबरोबर जी कोण हेल्मी होती, न भांडणारी, मासे ठेवू देणारी, ती मी नव्हते. तिच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं. समुद्र मलाच बघायचा होता, शेवटचा, त्याच्याबरोबर, आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते की त्याला बघायचाय. त्याला फक्त घरी राहायचं होतं, आणि त्याचं घरच मी या ट्रिपच्या बदल्यात देऊन टाकलं होतं.

"राहू या ना?" त्यानं परत विचारलं. आता थोडा घाबरला होता. माझा चेहरा बघून असेल.

"राहू या," मी म्हटलं.

"मग चल. कॉफी गार होतेय."

अंगणातून जाताना मी त्याचा दंड धरला होता, पायवाट निसरडी होती. वायनो दारात उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाला. मी त्याच्या शेजारून सरळ आत गेले, कोटसुद्धा काढला नाही, भिंतीवरचा फोन उचलला आणि मार्लिसचा नंबर फिरवला. अर्विड टेबलाशी बसून पावाच्या तुकड्यावर लोणी लावत होता.

"मार्लिस, होटनला कळव. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. तुझे बाबा घरी राहणार."

"आई? काय झालं? टेक्ससचं काय?"

"टेक्सस झालं. आपलं ठरलं होतं ते मी मोडतेय. तुला काय बोलायचंय ते बोल, मला माहितीये तू काय म्हणणारेस, एकटीला जमणार नाही, पडशील, मरशील. जमवेन. वायनो येईल मदतीला, त्याला अजून विचारलं नाही, पण तो येईल." मागे वायनोनं घसा खाकरला, पण नाही म्हणाला नाही. "कुठेही जाणार नाही तुझा बाप. ऐकतेस ना?"

"आई, तू ओरडतेस का अशी?"

"ओरडतेय?" मी म्हटलं. "मी अजून सुरुवात केलेली नाही."